नाहरझिरचा पाचवा टप्पा

गढा, जबलपूर
८ फेब्रुवारी २०२६

रुचिरा,

आशीर्वाद आधी देऊन टाकते. पुढचं वाचून तू कागद फाडलास तरी तेवढे तरी पोचलेले असतील.

तुझा मेसेज आल्यापासून नंबर लावला की नुसतं टूं टूं होतं. बाबांच्या फोनवरूनही तेच. ‘माझ्यासाठी तू मेलीस, परत फोन करू नकोस,’ असं लिहिलंस. ठीक आहे. मेलेल्या माणसाला फोन करता येत नसेल, पत्र तरी पाठवता येतं का ते बघते. एकतीस वर्षं शाळेत पत्रलेखन शिकवलं. मजकूर मुद्देसूद नसला की मी निम्मे मार्क कापायची. आज माझेच कापले जाणार, कारण मुद्द्याला हात घालायला मला भीती वाटते.

मी जानेवारीत फोनवर तुला एवढंच म्हणाले होते की कोर्टाचं समन्स आलं आहे, तीस मार्चला साक्ष आहे, आणि अडीच वर्षांपूर्वी पोलिसांना जे सांगितलं तेच परत सांगायला माझी जीभ वळणार नाही.  मागे कुकरची शिटी झाली, मग फोन कट झाला. दुसऱ्या दिवशी तो मेसेज.

बाबा मला म्हणाले, “काहून उकरून राहिली आता? पोरगी नागपूरला सुखात आहे. झाकली मूठ असू दे ना.” फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून त्यांना घरातला कुठलाच आवाज सहन होत नाही. माझा तर मुळीच नाही.

तुझ्या सासूबाईंचा फोन आला होता. यंदा मे महिन्यात पुन्हा अधिक मास आहे, तेव्हा धोंड्याच्या जेवणाला मुलगा-सून येतील म्हणाल्या. तेहतीस अनारसे, चांदीचं काहीतरी, जावयाचे पाय धुणं, सगळं रीतीप्रमाणे. मी हो म्हणाले. हो म्हणताना फोन या हातातून त्या हातात केला.

थंडीत तुझी ती दोन बोटं दुखतात का गं? प्रथमेशराव घरूनच काम करतात, तेव्हा गरम पाण्याची पिशवी तेच भरून देत असतील. देत असतील ना?

एका ओळीचं उत्तर पाठव. शिवी असली तरी चालेल.

तुझी आई,
विभावरी


१७ फेब्रुवारी २०२६

रुचिरा,

उत्तर नाही. नसू दे. मी हट्टी आहे हे तुझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार.

समन्स आल्यावर मी वकिलाला भेटायला सिहोऱ्याला गेले होते, ते तुला सांगायचं राहिलं. बाबांना भाजी आणायला जाते म्हटलं आणि बस पकडली. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, काटकुळा, उजवा खांदा एका बाजूला उतरलेला. डावा डोळा नाही. तिथे कातडी आत ओढली गेली आहे. मी त्याच्याच शेजारी जागा बघून बसले, आणि त्याने मान वळवली तेव्हा कळलं की हा मुरलीधर बर्मन आहे, आपल्या केसमधला आरोपी.

तुला तो ‘मुरली भैया’ म्हणून आठवत असेल. नाहरझिरला आपल्याला धबधब्यावर चढवणारा. सात टप्पे, सगळे निसरडे, आणि हा प्रत्येक टप्प्यावर ओरडायचा, “पंजा नहीं, कलाई पकड़ो! पंजा फिसलता है!” त्याने आपल्याला चपला काढून जाडे मोजे घालायला लावले होते, शेवाळावर मोज्याने पाय घसरत नाही म्हणून. तू हसत होतीस. लग्नाला आठ महिने झाले होते आणि त्या दिवशी तू पहिल्यांदा पूर्वीसारखी हसलीस, म्हणून मी बघत राहिले होते.

त्याने मला ओळखलं. मला वाटलं थुंकेल. तो म्हणाला, “बिटिया कैसी है, माताजी?”

मी बरी आहे म्हणाले. तो म्हणाला, “चलो, अच्छा है,” आणि परत समोर बघायला लागला. मी बसमध्ये रडले. शेजारच्या बाईने मला शेंगदाणे दिले.

नाहरझिरला त्या दिवशी त्याला किती मारलं ते तुला माहीत नाही, तू शुद्धीवर नव्हतीस. म्हणून लिहिते. तू आणि मुरलीधर पाचव्या टप्प्यावरून खालच्या कुंडात पडलात. पावसाळ्याचं पाणी, तांबडं, दणदणत येणारं. तुम्ही वर आलात तेव्हा त्याच्या हातात तुझं मनगट होतं. तुझ्या तोंडातून रक्त येत होतं, कुर्ता खांद्यावर फाटला होता. वरून प्रथमेशराव ओरडले, “इसने छेड़ा! इसने धक्का दिया!” रविवारची गर्दी होती. तीस-चाळीस माणसं असतील, निम्मी पिऊन आलेली.

पहिली थप्पड तुझ्या बाबांनी मारली. ते खाली कपडे सांभाळत मंगोडे, ती मुगाची भजी, खात बसले होते, हात तेलकट होता, तोच हात. मग सगळे तुटून पडले. पट्ट्यांनी मारलं. काठीने मारलं. एकाने सेल्फीची दांडी त्याच्या डोळ्यात घातली आणि तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, “मैंने नहीं छोड़ा, मैंने नहीं छोड़ा.” त्याचा खांदा पडतानाच निखळला होता, त्यामुळे त्याला तोंडापुढे हातही धरता येईना. त्याची बायको अनसूया मंगोड्यांच्या ठेल्यावरून धावत आली तर तिला केसांना धरून बाजूला फेकलं. कढईतलं तेल सांडलं, तिच्या पायावर. मी हे सगळं चौथ्या टप्प्यावरून पाहिलं. मी किंचाळत होते, पण ‘थांबा’ असं किंचाळले नाही.

मग पोलीस आले. एका हवालदाराने मला विचारलं, “माताजी, आपने देखा? इसी ने हाथ छोड़ा?”

आज इथेच थांबते. हात दुखतो.

आई


१ मार्च २०२६

रुचिरा,

बारा दिवस कागद समोर घेऊन बसते आणि भाजीचा हिशेब लिहून उठते. आज लिहीन. लिहिलं नाही तर साक्षीच्या दिवशी पिंजऱ्यात उभी राहूनही मी थापच मारीन, मला माझी खात्री आहे.

त्या दिवशी सकाळचं आठव. ३० जुलै, अधिक श्रावण. मी पहाटे उठून पुरण वाटलं, धोंडे केले. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर तुपाचा दिवा. तुम्हा दोघांना पाटावर बसवलं, प्रथमेशरावांचे पाय परातीत घेतले, पाणी घातलं, पुसले, कुंकू लावलं. ते पाणी मी डोळ्यांना लावलं. माझ्या आईने तुझ्या बाबांचं लावलं होतं, तिच्या आईने माझ्या वडिलांचं. जावई त्या दिवशी विष्णू. विष्णूच्या डाव्या टाचेला उभी भेग आहे आणि अंगठ्याचं नख काळं आहे, हे मी तेव्हा इतक्या जवळून पाहिलं.

तू पाय पुढे केलास तेव्हा पोटरीवर हिरवानिळा डाग होता. मी विचारलं, तू म्हणालीस पलंगाचा कोपरा लागला. मी त्या डागावरून पाणी ओतलं आणि पुसून टाकलं. डाग जाणार होता थोडाच. मग जेवणं झाली आणि प्रथमेशरावांनी रील दाखवला, नाहरझिरचा. इतक्या लांबून आलोय तर जाऊ म्हणाले. दशमग्रहाला कोण नाही म्हणणार?

गाडीत तू पुढे बसली होतीस. रस्ता चुकला, तू म्हणालीस, “मी सांगून राहिले होते ना, डावीकडे.” त्यांनी गियरवरचा हात उचलून तुझी मांडी चिमटीत धरली आणि पिळली. मी मागून पाहिलं. तू खिडकीबाहेर बघायला लागलीस. मी बाबांना पाण्याची बाटली दिली. अळीमिळी गुपचिळी.

चौथ्या टप्प्यावर माझे गुडघे बोलायला लागले आणि मी खडकावर बसले. तू, मुरलीधर आणि प्रथमेशराव पुढे गेलात. ते मुरलीधरचं न ऐकता एकटेच वर चढले, पाचव्या टप्प्याच्या कठड्यावर उभे राहिले आणि फोन धरून तुमचा व्हिडिओ काढायला लागले. मुरलीधर खाली तुझ्या शेजारी, तुझं उजवं मनगट धरून. तो म्हणाला, “शाबाश बिटिया, बस एक पाँव और.” तू त्याच्याकडे बघून हसलीस. मग डावा हात वर टाकलास आणि आधाराला नवऱ्याचा घोटा धरलास.

ते हलले. फोन हातातून निसटला आणि तुझ्या डोक्यावरून पाण्यात गेला.

मी तुमच्यापासून आठ-दहा हातांवर होते. माझा चष्मा ओला होता, पण मला दिसलं. तुझी बोटं घोट्यावरून सुटून खडकावर आली. त्यांनी डावी टाच उचलली आणि तुझ्या बोटांवर ठेवली. चुकून पडलेला पाय लगेच उचलला जातो. त्यांनी तो ठेवला आणि मग पिळला, बिडी विझवतात तसा. तू ओरडलीस. त्यांनी मोजा कधीच काढून टाकला होता. टाचेवरची भेग मी सकाळी पुसलेली होती, रुचिरा. दुसऱ्या कोणाचा पाय होता असं मी स्वतःला कधी सांगूही शकले नाही. मग त्यांनी तोच पाय मागे घेतला आणि तुझ्या तोंडावर मारला.

तू मागे गेलीस. मुरलीधरने मनगट सोडलं नाही. सोडलं असतं तर तो वरच राहिला असता, धडधाकट, दोन डोळ्यांचा. तुझ्या वजनाने त्याचा खांदा निखळलेला मी पाहिला, आणि तरी त्याने मूठ उघडली नाही. तो तुझ्याबरोबर पडला. खाली आधी तो आपटला, त्याच्यावर तू. म्हणून तू आहेस.

आणि हवालदाराने विचारलं तेव्हा मी म्हणाले, “हाँ. इसी ने छोड़ा.”

काहून म्हणाले? मी अडीच वर्षं स्वतःला विचारते आहे. प्रथमेशराव माझ्याकडे बघत उभे होते. ज्याचे पाय धुतलेलं पाणी सकाळी डोळ्यांना लावलं, त्याच्याकडे चार वाजता बोट दाखवायचं? व्रत मोडेल, पोरीचा संसार मोडेल, बाबांचं ब्लडप्रेशर, लोक, नातेवाईक, हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं. समोर चिखलात पडलेला माणूस तेवढा डोक्यात आला नाही. तो बर्मन होता, नावाड्यांच्या जातीतला, मंगोडेवालीचा नवरा. त्याचं काय जाणार आहे, असं मला वाटलं असणार. वाटलंच. लिहूनच टाकते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली. तुझ्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ होते, तो त्याने जबरदस्ती केल्याचा पुरावा ठरला.

तू दवाखान्यात डोळे उघडलेस तेव्हा मीच सांगितलं, “बेटा, पाय घसरला. त्या माणसाने हात सोडला.” तू मान हलवलीस. मी सुटकेचा श्वास घेतला. आई म्हणवते स्वतःला!

तू त्या माणसाबरोबर राहते आहेस. त्याने आणखी काय काय केलं असेल ते मला माहीत नाही, आणि विचारायचा हक्कही मी गमावला आहे. पण निघ तिथून. मला माफ नको करूस, फक्त निघ.

३ मार्च
पत्र टाकायचं राहिलं होतं. काल हे बाबांना वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर ते उठले, कपडे केले, बसने नाहरझिरला गेले. संध्याकाळी आले तेव्हा कपाळावर आणि कानाजवळ भाजल्याच्या दोन लाल रेघा होत्या. तिथे त्यांनी पायातली चप्पल काढून मुरलीधरच्या हातात दिली आणि डोकं पुढे केलं. तो म्हणाला, “रहने दो, बाबूजी.” अनसूयाने मात्र राहू दिलं नाही. तिने कढईतला झारा काढला आणि दोन हाणले. मग मुरलीधरने तिला आवरलं. बाबा मला म्हणाले, “तिसरा खायलाही मी उभा होतो.”

आई


१२ मार्च २०२६

चि. रुचिरास अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी काहीबाही लिहिलं. वय झालं, डोकं ठिकाणावर नसतं. डॉक्टरांनी झोपेची गोळी बदलली आहे, तिचा परिणाम असेल. ते पत्र जाळून टाक.

मी खूप विचार केला. इतक्या वर्षांपूर्वीचं, ओल्या चष्म्यातून पाहिलेलं, त्याचं काय धरून बसायचं? साक्ष मी पूर्वीचीच देणार आहे. तुझा संसार महत्त्वाचा. बाबाही तेच म्हणतात.

मे महिन्यात धोंड्याला दोघं नक्की या. जावयांना यंदा चांदीचं तबक घ्यावं की पेला, ते त्यांनाच विचारून बाबांना कळवायला सांग. प्रथमेशरावांना माझे आशीर्वाद. फार सोशिक आहेत हो, तुला सांभाळून घेतात.

तुझी,
आई


२४ मार्च २०२६

प्रथमेश,

हे पाकीट तुझ्याच नावाचं आहे, तेव्हा या वेळी तरी दुसऱ्याचं पत्र फोडल्याचं पाप तुला लागणार नाही. सवयीने ‘प्रथमेशराव’ लिहायला गेले होते. ‘राव’ खोडायला नको म्हणून नवा कागद घेतला.

माझ्या तीन पत्रांच्या पोचपावत्या दहा तारखेला एकदम आल्या. तिन्हींवर तुझी सही. शेपटीवाली, लग्नाच्या रजिस्टरमध्ये केलीस तशीच. मी जन्मभर मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर बापाच्या नावाने केलेल्या सह्या पकडल्या आहेत, मला सही दाखवू नये. तरी म्हटलं, उगाच संशय नको. घरी असतो, त्याने घेतली असतील आणि बायकोला दिली असतील. म्हणून चौथं पत्र लिहिलं. ‘सोशिक’ हा शब्द लिहिताना मला ओकारी आली होती, पण लिहिला. पंधरा तारखेला तू बाबांना फोन केलास. पेला नको, तबकच घ्या म्हणालास, आणि वर म्हणालास, “आईंनी साक्षीचा विचार सोडला ते फार छान झालं.” पत्रं तुझ्यापाशीच अडत होती, ते कळलं. त्यानंतर मी रुचिराचा नंबर लावून पाहिला. टूं टूं.

दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरून मी नागपूरला आले. तुझ्या घरी नाही, ती तपासणीचं रक्त काढते त्या लॅबमध्ये. पावती फाडली, रांगेत बसले, नंबर आला तेव्हा खुर्चीवर बसून हात पुढे केला. तिने मान खाली घालूनच रबरी पट्टा बांधला. वाकड्या दोन बोटांनी शीर शोधली. तिच्या मनगटावर, बाहीच्या आत, इस्त्रीच्या टोकाचा डाग होता. ताजा. सुई आत गेल्यावर तिने वर पाहिलं.

मी म्हटलं, “ओरडू नको. माझं रक्त काढ आणि ऐक.”

मी सगळं सांगितलं. तुला माहीत आहे, तू वाचलं आहेस. तुझी टाच, बोटं, तोंडावरची लाथ, माझं खोटं. ती नळीत भरणाऱ्या रक्ताकडे बघत होती. माझं बोलून झालं तेव्हा ती म्हणाली, “माहीत आहे मला.”

“काय माहीत आहे?”

“सगळं. मी बेहोश खाली गेल्यावर झाले, आई. वर असताना नव्हते. त्याने लाथ मारली तेव्हा तू माझ्याकडेच बघून राहिली होतीस. नजर भेटली होती आपली.”

मला तिथे मरण आलं असतं तर बरं झालं असतं. तिने हळूच सांगितलं, बाहेरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. दवाखान्यात ती पहिल्या दिवशी वाट बघत होती, की आई आता बोलेल. दुसऱ्या दिवशी बघितली. अकराव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. “आणि तू माझी बॅग भरून त्याच्या गाडीत ठेवलीस. वर अनारशांचा डबा. मला वाटलं, आईने बघूनही हेच केलं, म्हणजे असंच असतं. सगळ्यांकडे असंच असतं.”

मी म्हटलं, “मग तो मेसेज? मी मेले म्हणून?”

“कोणता मेसेज?”

तिला जानेवारीनंतर माझा फोनच आला नव्हता. तू तिला सांगितलंस की आईबाबा तिच्याशी संबंध ठेवायला तयार नाहीत, आणि तिने विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? मी तिला विश्वास न ठेवण्यासारखं काही दिलंच नव्हतं.

तिने सुई काढली, कापूस ठेवला आणि म्हणाली, “दाबून धर.” मग पुढच्या दोघांचं रक्त घेतलं. मी कोपऱ्यात उभी. नंतर ती येऊन म्हणाली, “मला दोनला सुट्टी मिळेल. बस कितीची आहे?” तिने घरून काही घेतलं नाही. अंगावरचा पांढरा कोट सिवनीला उतरून चहा घेताना काढला.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला लिहायचं आहे. एकोणीस तारखेला, पाडव्याच्या दिवशी सकाळी तू गढ्याला आलास. दारावर लाथा घातल्यास. रुचिराने आतून कडी काढली, कारण मागच्या खोलीत बाबांच्या छातीत धडधडायला लागलं होतं. तू तिची वेणी हाताला गुंडाळलीस आणि तिला ओसरीवरून खाली ओढलंस. तिचं तोंड पायरीवर आपटलं. ते तेच तोंड, प्रथमेश. गुढी संध्याकाळी उतरवायची असते. मी सकाळीच उतरवली. तांब्या, साडी, साखरेची माळ, सगळं अंगणात पडलं आणि काठी माझ्या हातात राहिली. पहिला तडाखा तुझ्या मनगटावर बसला, वेणी सुटली. दुसरा कपाळावर. तिसऱ्याला तू खाली पडलास, आणि खरं सांगते, चौथा मारताना मला फार बरं वाटलं. असं वाटणं वाईट असतं असं मी शाळेत शिकवलेलं आहे.

मग गल्लीतले धावले. दहा-पंधरा पोरं, हातात जे मिळेल ते घेऊन. “चाची, हटो, हम देखते हैं इसको.” एकाच्या हातात सळई होती. तेव्हा तुझ्यावर आडवी कोण पडली, आठवतं ना? मीच. तू माझ्याखाली रडत होतास. ते प्रेम नव्हतं. जमाव माणसाचं काय करतो ते मी एकदा पाहिलं आहे आणि त्यातला एक डोळा माझ्या नावावर आहे. दुसरा मला नको होता. पोलीस येईपर्यंत मी उठले नाही. टाके सुकत आले असतील.

आता कामाचं. तीस तारखेला सोमवार, सकाळी अकरा, सिहोरा. मी आधीचा जबाब खोटा होता म्हणून सांगणार आहे. वकील म्हणाले, “मॅडम, खोट्या जबाबाबद्दल तुमच्यावरही केस होऊ शकते.” मी म्हटलं, व्हायलाच पाहिजे. बाबा पहिल्या थपडेचं सांगणार आहेत. रुचिराने स्वतःहून वकिलाला सांगितलं की तिलाही बोलायचं आहे, आणि त्यांनी तसा अर्ज दिला आहे. तू नाही आलास तर कोर्ट तुला बोलावून घेईल असं ते म्हणतात, त्यातलं मला कळत नाही. तुझ्या आईला सांग, मे महिन्यात धोंड्याचं जेवण होणार नाही.

एक राहिलं. तू मनात खूश होत असशील की मायलेकी एक झाल्या, कट करून बसल्या. तसं काही नाही. रुचिरा घरात आहे, जेवते, बाबांशी बोलते. परवा मुरलीधरकडे एकटीच जाऊन आली. तिथे काय झालं ते मला सांगितलं नाही. माझ्याशी ती ‘भाजी झाली’, ‘दूध आलं’ एवढंच बोलते. काल वकिलाकडून आल्यावर दारात उभी राहून म्हणाली, “तू बघत होतीस आणि खोटं बोललीस, हेपण मी सांगणार आहे. नाव घेऊन.”

मी म्हटलं, “घे.”

ती मग आत गेली आणि दार लावून घेतलं. सोमवारी सगळ्यांसमोर ती जे बोलेल त्यात पहिलं नाव तुझं असेल आणि दुसरं माझं. मी ते ऐकायला जाणार आहे. तूही ये.

विभावरी